तुटलेला डीएनए, दुरुस्तीचं घड्याळ आणि कॅन्सरचं रेडिएशन

रेडिएशन देऊन गाठ ‘जाळतात’ असं सर्रास म्हटलं जातं. जरा हिशोब करून पाहू. रेडिएशनचा डोस ग्रे या एककात मोजतात. १ ग्रे म्हणजे दर किलो ऊतीमागे १ ज्यूल ऊर्जा, आणि एवढ्या ऊर्जेने पाण्याचं तापमान वाढतं ०.०००२४ अंश सेल्सियसने. महिना-दीड महिन्याच्या उपचारातले ६० ग्रे एका दमात दिले तरी वाढ ०.०१५ अंशाच्या आतच राहील. म्हणजे जळत काहीच नाही. उपचाराच्या काळात त्वचा काळवंडते, सोलवटते, तोंडात फोड येतात, तेही उष्णतेने होत नाही. तिथल्या नव्या पेशी तयार होणं थांबतं आणि झिजलेल्या थराची जागा घ्यायला कोणी उरत नाही, म्हणून होतं.

एवढ्याशा ऊर्जेने पेशी मरते, कारण ही ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही. ती बारीक ठिपक्यांत, एकेका ठिकाणी एकवटून पडते, आणि त्यातले काही ठिपके डीएनएवर पडतात.

मार कुठे बसतो

१ ग्रे डोसमध्ये एका पेशीच्या केंद्रकात साधारण लाखभर आयनीभवनं होतात, म्हणजे अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवले जातात. त्यातली फार थोडी थेट डीएनएवर होतात. क्ष-किरणांच्या बाबतीत सुमारे दोन तृतीयांश नुकसान आडमार्गाने होतं: पाण्याचा रेणू फुटतो, त्यातून हायड्रॉक्सिल मूलक (कशालाही चटकन भिडणारा रेणूचा तुकडा) तयार होतं आणि ते डीएनएला जाऊन भिडतं. हे मूलक जगतं अब्जांश सेकंदभर आणि जातं काही नॅनोमीटर. तेवढ्यात जे सापडेल ते बिघडवतं.

१ ग्रेनंतर एका पेशीच्या डीएनएची अवस्था साधारण अशी असते: हजाराहून जास्त बेस (डीएनएची अक्षरं) बिघडलेले, हजारभर ठिकाणी दोनपैकी एक धागा तुटलेला, आणि २० ते ४० ठिकाणी दोन्ही धागे जवळजवळ समोरासमोर तुटलेले. यातल्या पहिल्या दोन आकड्यांची पेशीला फारशी धास्ती नसते. एक धागा तुटला तर समोरचा शाबूत असतो; त्याच्याकडे बघून हरवलेली अक्षरं भरता येतात. श्वसनातून तयार होणाऱ्या मूलकांमुळे अशी हजारो किरकोळ नुकसानं प्रत्येक पेशीत रोज होतात आणि रोज दुरुस्तही होतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने रेडिएशनपेक्षा कितीतरी जास्त एकेरी तुटी करता येतात, आणि तरीही पेशी त्यातून तरून जातात.

खरी अडचण आहे दुहेरी तुटीची, त्यातही गुंतागुंतीच्या दुहेरी तुटीची. दहा-वीस बेसच्या टापूत दोन्ही धागे तुटलेले, शेजारचे दोन-तीन बेस बिघडलेले आणि टोकांना भलतेच रासायनिक गट चिकटलेले, अशी ती जागा असते. रेडिएशन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यातला फरक या एका जागी असलेल्या गर्दीचा आहे. एकूण जखमा किती झाल्या याला त्यापुढे फार महत्त्व नाही.

आता पुढचा आकडा पाहा. रोजचा नेहमीचा डोस २ ग्रे धरला, तर प्रत्येक पेशीत ८० पर्यंत दुहेरी तुटी होतात. तरीही अनेक प्रकारच्या गाठींमधल्या जवळपास निम्म्या पेशी तो डोस पचवून पुन्हा वाढू लागतात. म्हणजे बहुतेक सगळ्या तुटी सांधल्या जातात आणि पेशीचं मरण उरलेल्या एक-दोन तुटींवर, किंवा चुकीच्या जोडलेल्या टोकांवर ठरतं. किरणोपचाराचं यश मुख्यतः पेशीच्या दुरुस्तीच्या कुवतीवर अवलंबून आहे असं म्हणतात, ते याच अर्थाने.

दुरुस्तीचे दोन मार्ग

दुहेरी तूट सांधायचे मुख्य मार्ग दोन. कल्पना करा, पुस्तकाचं पान मधोमध फाटलंय. एक तर कडा जुळवून चिकटपट्टी लावायची. काठावरचं एखादं अक्षर गेलं तर गेलं. नाहीतर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधून मजकूर अक्षरशः उतरवून घ्यायचा.

चिकटपट्टीच्या मार्गात कू-७० आणि कू-८० ही प्रथिनं काही सेकंदांत तुटलेल्या टोकांवर कड्यासारखी चढतात. ती डीएनए-पीके नावाच्या मोठ्या प्रथिनाला बोलावतात, आर्टेमिस टोकं छाटून नीट करतं आणि लायगेज-४ ती जोडतं. हा मार्ग झटपट आहे आणि पेशी कुठल्याही अवस्थेत असली तरी चालू असतो. मात्र त्यात चार-दोन अक्षरं गळू शकतात. शिवाय, जवळपास दोन वेगवेगळ्या तुटी असतील तर एकीचं टोक दुसरीला जोडलं जाण्याचा धोका असतो.

नक्कल उतरवण्याच्या मार्गाला दुसरी प्रत लागते आणि ती पेशीने विभाजनाच्या तयारीत डीएनए दुप्पट केल्यावरच हाताशी येते. आधी टोकं कुरतडून एकेरी धागा मोकळा केला जातो, मग बीआरसीए-२ हे प्रथिन त्या धाग्यावर रॅड-५१ ची रांग बसवतं, आणि ही रांग जुळी प्रत शोधून काढते. काम अचूक होतं, पण त्याला तास लागतात. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ मध्ये दोष असेल तर हा मार्ग बंद पडतो.

यांच्यावर देखरेख करणारी प्रथिनंही आहेत. एटीएम दुहेरी तूट ओळखून धोक्याची सूचना देतं, एटीआर डीएनए दुप्पट होताना अडलेल्या जागा ओळखतं, आणि दोघं मिळून पेशीचं विभाजन रोखून धरतात. दुरुस्ती होईपर्यंत पुढे जायचं नाही. गाठींचा कच्चा दुवा इथे आहे. जवळपास निम्म्या कॅन्सरांत पी-५३ हे प्रथिन बिघडलेलं असतं, त्यामुळे डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीचा पहिला थांबा काम करत नाही. अशा पेशी विभाजनाच्या तोंडावरच्या शेवटच्या थांब्यावर, म्हणजे एटीआर, सीएचके-१ आणि वी-१ या प्रथिनांच्या साखळीवर विसंबून असतात. औषधं बनवणाऱ्यांना या साखळीत रस आहे तो यामुळे.

अर्धवट दुरुस्ती घेऊन पेशी विभाजनाला गेली की गुणसूत्रांची ओढाताण होते. दोन गुणसूत्रबिंदू असलेलं एखादं गुणसूत्र दोन्ही बाजूंना खेचलं जातं, काही तुकडे केंद्रकाबाहेर राहतात, आणि त्या विभाजनात किंवा पुढच्या दोन-तीन विभाजनांत पेशी मरते. भरीव गाठींतल्या बहुतेक पेशी अशाच मरतात. म्हणजे मरायलाही विभाजन यावं लागतं. म्हणून शेवटच्या दिवशी गाठ तशीच हाताला लागली तर उपचार फसला असा अर्थ काढायचा नसतो. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये पेट-सीटी (जिवंत आजार शोधणारा स्कॅन) साधारण १२ आठवडे थांबून करतात ते याचसाठी. घाईने केलेल्या स्कॅनमध्ये मरू घातलेल्या पेशी आणि सूज हेच जिवंत आजारासारखं दिसतं.

०.४, ०.५ आणि ०.६

समजा गाठीत १ अब्ज पेशी आहेत. १ घनसेंटिमीटरच्या गाठीसाठी हा आकडा सोयीचा मानतात. रोज २ ग्रे, असे ३० दिवस. एका डोसनंतर निम्म्या पेशी जगत असतील, तर ३० डोसनंतर १ अब्जातून जेमतेम १ पेशी उरते. निम्म्याऐवजी ६० टक्के जगत असतील, तर उरतात २२० च्या आसपास. आणि ४० टक्केच जगत असतील, तर अशा हजार गाठींत मिळून एखादी पेशी शिल्लक राहील.

एका डोसमागचा फरक दहा टक्क्यांचा, पण तीस वेळा गुणाकार झाल्यावर बरं होणं आणि आजार उलटणं यातला. खऱ्या गाठी इतक्या सरळ नसतात, त्यांच्यातल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात आणि काही पेशी उपचारादरम्यान वाढतही असतात. तरी दुरुस्ती थोडीशीच ढिली केली तरी पुरे, ही आशा या गणितातून येते.

पण हा गुणाकार निरोगी ऊतीलाही तसाच लागू होतो. दुरुस्ती सगळीकडे सारखी ढिली झाली, तर डोस वाढवल्यासारखंच झालं, आणि डोस तर मशीनवर आकडा बदलूनही वाढवता येतो. त्यासाठी औषध कशाला हवं? दुरुस्ती बंद पाडणं प्रयोगशाळेत केव्हाच साधलंय. ती फक्त गाठीत बंद पाडणं हे खरं काम आहे, आणि या क्षेत्रातली यशं-अपयशं एवढ्या एका कसोटीवर तपासून पाहिली तर बहुतेक उलगडा होतो.

डोस तुकड्यांत का देतात

ही कसोटी डीएनएची रचना माहीत होण्याच्याही आधी अनुभवाने पार झाली होती. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये क्लोद रेगो यांना दिसलं की मेंढ्याच्या वृषणावर एकाच वेळी मोठा डोस दिला तर त्वचा बिघडते, पण तोच परिणाम छोट्या तुकड्यांत साधला तर त्वचा वाचते. कारण नंतर कळलं. १९५९ मध्ये एल्काइंड आणि सटन यांनी हॅमस्टरच्या पेशींना एक डोस दोन भागांत विभागून दिला. मध्ये काही तासांची फट ठेवली तर जास्त पेशी जगल्या. त्या फटीत पेशींनी दुरुस्ती उरकली होती.

सावकाश विभाजन होणाऱ्या निरोगी ऊती, म्हणजे मज्जारज्जू, मूत्रपिंड, फुप्फुसाचा आधारभाग, या फटीचा फायदा जास्त उठवतात. त्यांच्या पेशींना विभाजनाची घाई नसते. रेडिएशनतज्ज्ञ हा फरक अल्फा-बीटा गुणोत्तराने मोजतात. बहुतेक गाठींसाठी ते १० ग्रेच्या आसपास धरतात, उशिरा इजा दाखवणाऱ्या ऊतींसाठी ३ च्या आसपास. गुणोत्तर जितकं लहान, तितका मोठ्या तुकड्यांचा त्रास जास्त.

सूत्र सोपं आहे: एकूण डोसला, १ अधिक एका तुकड्याचा डोस भागिले हे गुणोत्तर, या संख्येने गुणायचं. २ ग्रेचे ३० तुकडे घेतले तर गाठीसाठी उत्तर येतं ७२ आणि निरोगी ऊतीसाठी १००. तेच ६० ग्रे, ६ ग्रेच्या १० तुकड्यांत दिले तर ९६ आणि १८०. गाठीवरचा परिणाम एक तृतीयांशाने वाढला, निरोगी ऊतीवरचा ८० टक्क्यांनी. पाच-सहा आठवडे खेटे घालायला लावतात त्यामागे हे दोन आकडे आहेत.

अर्थात प्रत्येक गाठीचं गुणोत्तर १० नसतं. प्रोस्टेटचं १.५ च्या आसपास, स्तनाच्या कॅन्सरचं ३ ते ४ च्या आसपास मानतात. तिथे लहान तुकड्यांचा फायदाच उरत नाही. म्हणून एकूण डोस कमी करून मोठे तुकडे देता येतात: स्तनासाठी ४० ग्रे १५ दिवसांत, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीनंतर २६ ग्रे ५ दिवसांत. प्रोस्टेटसाठी ६० ग्रे २० दिवसांत. दिवस कमी केले म्हणजे उपचारात काटछाट केली, असा समज करून घेऊ नये.

दोन तुकड्यांमध्ये किती वेळ सोडायचा, हाही प्रश्न दुरुस्तीचाच. दिवसातून दोनदा रेडिएशन द्यायचं तर मध्ये किमान ६ तास ठेवतात. ब्रिटनमधल्या चार्ट या पद्धतीत १.५ ग्रे दिवसातून तीनदा, सलग १२ दिवस, एकूण ५४ ग्रे देत. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण त्याने २० वरून २९ टक्क्यांवर गेलं. पण सुरुवातीच्या रुग्णांपैकी काहींना मज्जारज्जूची इजा झाली, तीही सुरक्षित समजल्या जाणाऱ्या डोसला. मज्जारज्जूची दुरुस्ती धिमी असते. ६ तासांत ती पुरी होत नाही आणि शिल्लक नुकसान पुढच्या डोसच्या हिशोबात साचत जातं.

उलट बाजूने, उपचार लांबला तर गाठीतल्या उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यानंतर प्रत्येक जादा दिवस सुमारे ०.६ ग्रे गिळतो. मशीन बंद पडलं किंवा रुग्ण येऊ शकला नाही, तर तो दिवस शेवटी जोडणं हा सोपा पण कमी प्रतीचा उपाय. शनिवारी उपचार करून किंवा एका दिवशी ६ तासांच्या अंतराने दोन डोस देऊन ठरल्या तारखेला संपवणं जास्त बरं.

दुरुस्ती मोजतात कशी

एखादं औषध पेशींना रेडिएशनपुढे हळवं करतं, असा दावा करायचा तर वसाहत-चाचणी हा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. १९५६ मध्ये पक आणि मार्कस यांनी याच मार्गाने मानवी पेशींची पहिली जगण्याची वक्ररेषा काढली.

पेशी ट्रिप्सिन या विकराने सुट्या करायच्या, मोजायच्या, आणि बशीत मोजक्या पेरायच्या. रेडिएशन न दिलेल्या बशीत २००, २ ग्रेच्या बशीत ४००, पुढच्या डोसना त्याहून जास्त, कारण तिथे कमी जगणार. ३७ अंश सेल्सियस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये १० ते १४ दिवस ठेवायच्या. मग क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून ५० किंवा जास्त पेशींच्या वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, मोजायच्या. रेडिएशनशिवायच्या २०० पैकी १२० वसाहती आल्या, तर पेरणीची उगवण ६० टक्के. २ ग्रेच्या ४०० पैकी त्या हिशोबाने २४० यायला हव्या होत्या आणि आल्या १३२. म्हणजे जगण्याचं प्रमाण ०.५५.

चुका ठरलेल्या जागी होतात. पेशी नीट सुट्या झाल्या नाहीत तर दोघींच्या जोडीतली एक मेली तरी वसाहत उगवते आणि औषध निकामी वाटतं. सातव्या दिवशी मोजलं तर अजून मरायच्या असलेल्या पेशी जिवंतांत धरल्या जातात. सगळ्यात मोठी फसगत म्हणजे तीन दिवसांत रंग बदलून निकाल देणाऱ्या झटपट चाचण्या. रेडिएशन बसलेली पेशी दोन-तीनदा विभाजित होऊन मग मरते. तिसऱ्या दिवशी ती छान श्वास घेत असते. नुसत्या अशा चाचणीवर आधारलेला हळवेपणाचा दावा दिसला, तर मी तो बाजूला ठेवतो.

दुसरी चाचणी थेट तुटी मोजते. दुहेरी तूट झाली की काही मिनिटांत तिच्या आजूबाजूच्या एच-२-ए-एक्स या प्रथिनावर फॉस्फेट चढतं. हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. त्या बदललेल्या रूपाला, म्हणजे गॅमा-एच-२-ए-एक्सला चिकटणारं चमकदार प्रतिपिंड वापरलं की सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात ठिपके दिसतात, साधारण एका तुटीला एक. अर्ध्या तासाला ठिपके सर्वांत जास्त असतात, २४ तासांनी बहुतेक गायब. पेशी जगेल की नाही याचा अंदाज २४ तासांनी उरलेले ठिपके जास्त चांगला देतात. अर्ध्या तासाचा आकडा फक्त किती मार बसला ते सांगतो. डोस २ ग्रेच्या फार वर गेला की ठिपके एकमेकांवर चढतात आणि मोजणी कमी भरते. डीएनएची नक्कल करत असलेल्या पेशीत रेडिएशन नसतानाही ठिपके असतात, आणि मरायला लागलेल्या पेशीचं तर सगळं केंद्रकच उजळतं. या दोन्ही वगळल्या नाहीत तर आकडा निरर्थक.

औषधांची गोष्ट

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रेडिएशन-साथीचं औषध आजही सिसप्लाटिनच आहे. ते डीएनएच्या बेसना एकमेकांशी बांधून टाकतं आणि दुरुस्तीयंत्रणेला दोन आघाड्यांवर लढायला लावतं. गर्भाशयमुख आणि डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये त्याने जगण्याचं प्रमाण वाढवलं. पण ते रक्तातून सगळीकडे फिरतं. मूत्रपिंड आणि कान यांना बसणारी झळ रेडिएशनच्या टापूबाहेरची.

दुरुस्तीची अवस्था बघून उपचाराचा अंदाज बांधण्याचं पहिलं ठळक उदाहरण ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरचं. २००५ मध्ये स्टुप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ६० ग्रेसोबत टेमोझोलोमाइड दिल्यास दोन वर्षं जगणारे १०.४ वरून २६.५ टक्के होतात. हे औषध डीएनएतल्या ग्वानिन या बेसवर एक मिथाइल गट चिकटवतं आणि एमजीएमटी हे प्रथिन तो काढून टाकतं. गंमत अशी की एमजीएमटीचा एक रेणू एकदाच वापरता येतो. गट काढला की तो बाद. काही गाठींत या प्रथिनाचं जनुक गाठीनेच बंद केलेलं असतं. त्या रुग्णांना औषधाचा सर्वांत जास्त फायदा झाला. इथे दुरुस्ती फक्त गाठीत बंद असते, तीही निसर्गतः.

पार्प-रोधकांचा तर्कही तसाच. पार्प-१ हे प्रथिन एकेरी तुटीवर धावून जातं. औषध त्याला तिथेच अडकवून ठेवतं, नक्कल करणारी यंत्रणा त्याच्यावर आदळते आणि दुहेरी तूट तयार होते. ती सांधायला बीआरसीएचा मार्ग लागतो. बीआरसीएचा दोष जन्मतः असलेल्या व्यक्तीच्या निरोगी पेशींत त्या जनुकाची एक प्रत शाबूत असते, गाठीत दोन्ही गेलेल्या असतात. म्हणून गाठ मरते. २००५ मध्ये हे दोन गटांनी दाखवलं, २०१४ मध्ये ओलापॅरिब या पार्प-रोधकाला मंजुरी मिळाली.

मग रेडिएशनसोबत हे औषध सगळीकडे का आलं नाही? कारण रेडिएशनमुळे एकेरी तुटी हजारोंनी वाढतात आणि नक्कल करत असलेली कुठलीही पेशी या सापळ्यात सापडते. मेंदूसारख्या विभाजन न होणाऱ्या ऊतीत ते सोयीचं, पण तोंडाचं, अन्ननलिकेचं, आतड्याचं अस्तर सतत नव्या पेशी घडवत असतं. एकट्याने ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालणारं ओलापॅरिब छातीच्या रेडिएशनसोबत फार खाली आणावं लागलं. मेंदूत पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये व्हेलिपॅरिब हे दुसरं पार्प-रोधक आणि पूर्ण मेंदूचं रेडिएशन एकत्र दिलं, पण जगण्याचा कालावधी वाढला नाही.

डीएनए-पीके-रोधक आणखी जोरकस. पेपोसर्टिबसारखी औषधं चिकटपट्टीचा मार्गच बंद करतात. सगळ्या अवस्थांतल्या सगळ्या पेशी तो मार्ग वापरत असल्यामुळे परिणाम जबरदस्त होतो, आणि निवड मात्र शून्य. गाठ आणि शेजारची श्लेष्मल त्वचा दोन्ही सारख्याच उघड्या पडतात. इथे वाचवणारी एकच गोष्ट उरते, किरणांची नेमकी आखणी: औषध शरीरभर, पण तुटी फक्त किरण जिथे पडतात तिथे. एटीएम रोखणारं एझेडडी-१३९० रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ओलांडतं, म्हणून ग्लायोब्लास्टोमात तपासलं जातंय. तिथे पी-५३ शाबूत असलेल्या निरोगी पेशींना एटीएमशिवायही थोडा आधार राहतो, निदान अपेक्षा तशी आहे.

औषध लक्ष्यावर बसतंय का, हे आधी पाहणं किती महत्त्वाचं, ते इनिपॅरिबवरून कळतं. पार्प-रोधक म्हणून ते केमोथेरपीसोबत मोठ्या चाचणीपर्यंत गेलं, २०११ मध्ये नापास झालं, आणि मग लक्षात आलं की पेशींमध्ये ते पार्पला नीट रोखतच नव्हतं.

दुरुस्ती न अडवता नुकसानच दुरुस्त न होणारं करणं, हाही मार्ग आहे. ऑक्सिजन ते काम फुकट करतो: डीएनएवर तयार झालेल्या मूलकाशी तो जोडला गेला की नुकसान पक्कं होतं. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला २.५ ते ३ पट डोस लागतो, आणि मोठ्या गाठींच्या आत अशा पेशी भरपूर असतात. डेन्मार्कमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी निमोराझोल हे ऑक्सिजनची नक्कल करणारं औषध रेडिएशनसोबत देतात. कार्बन आयनांचा मारा इतका दाट तुटी करतो की दुरुस्ती आणि ऑक्सिजन दोन्हींचं महत्त्व घटतं. जपानमध्ये चिबा इथे १९९४ पासून हे उपचार चालतात. सेकंदाला ४० ग्रेहून जास्त वेगाने डोस देणाऱ्या फ्लॅश पद्धतीत प्राण्यांमध्ये निरोगी ऊती जास्त वाचताना दिसल्या, पण कशामुळे, यावर एकमत नाही.

उपचाराआधी विचारायच्या आणि सांगायच्या गोष्टी

एटीएमच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर अ‍ॅटॅक्सिया तेलंगिएक्टेशिया हा आजार होतो आणि अशा रुग्णाला नेहमीचा डोस जीवघेणा ठरू शकतो. लायगेज-४ च्या दोषाचंही तसंच. तो दोष सापडला तोच रेडिएशनची भयंकर प्रतिक्रिया आलेल्या एका ल्युकेमियाच्या रुग्णाच्या पेशींत. घरात असा आजार असेल तर आधी सांगा. बीआरसीएची एकच प्रत बिघडलेली असेल, तर मात्र त्या भीतीने रेडिएशन नाकारू नका; अशा व्यक्तींमध्ये दुष्परिणाम लक्षणीयरीत्या जास्त आढळलेले नाहीत.

उपचाराच्या काळात अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. नुकसान मूलकांमुळे होतं. ती शोषून घेणारं औषध गाठीलाही वाचवू शकतं. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये व्हिटॅमिन-ई आणि बीटा-कॅरोटिन देऊन चाचणी झाली तेव्हा दुष्परिणाम कमी झाले, पण आजार उलटण्याकडे कल वाढलेला दिसला, विशेषतः उपचारादरम्यान धूम्रपान करणाऱ्यांत. आहारातली फळं-भाज्या याला लागू नाहीत. धूम्रपान तसंही रक्तातला ऑक्सिजन घटवतं.

त्याच जागी पूर्वी रेडिएशन झालं असेल, तर जुने कागद सगळ्यात मोलाचे. मज्जारज्जू आणि त्वचा काही महिन्यांत-वर्षांत बऱ्यापैकी सावरतात, मूत्रपिंड सावरत नाही, हृदयही फारसं नाही. त्यामुळे ‘आधी लाइट दिली होती’ एवढं सांगून भागत नाही. एकूण डोस किती, किती तुकड्यांत, कुठल्या तारखांना, आणि किरणांच्या आखणीची डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचं प्रमाणित रूप) फाइल असलेली सीडी: या चार गोष्टी पहिला उपचार संपतानाच मागून ठेवा, कारण दहा वर्षांनी त्या मिळतीलच असं नाही.